काशीच्या डोळ्यांचं तेल

चुडावा
फाल्गुन शुद्ध ९, शके १८६४

अण्णाला महानंदाचे शरणार्थ.

आमी सगळे ठीक हाव. काशीचं तेवढं लिवायचं हाय म्हणून कागद घेतला. संकरातीपासून तिला दिवेलागणीला दिसंना झालंय. दिवसा अंगणात पाखरागत फिरती, अन् सांज झाली की उंबऱ्यावर बसून ऱ्हाती. हाक मारली की हात पुढं करून चाचपत येती. परवा चुलीम्होरं आली अन् उतरून ठेवलेल्या आधणात पडता पडता वाचली. चार वर्साचं लेकरू, तिला वाटतं सांजंला कुणालाच दिसत नसतं. मला इचारती, "माय, मग मी तुला कशी घावले?"

दिवाळीपासून तिचं पोट बिघडलं व्हतं, ते आता थांबलंय, पण अंगात जीव न्हाई. म्हैस आटली. हिरीला पाणी न्हाई म्हणून भाजीपाला न्हाई. लढाईपायी आमच्या दुकानात मालबी येईना. धाकटा मन्मथ अंगावर पितो, तो बरा हाय.

इथं टेशनावर बाजाराच्या दिवशी एक पेटीवाला उतरतो. नेत्रामृत नावाची बाटली इकतो. मनतो, जडीबुटीचा अर्क हाय, म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवता येतो. माझ्या सासऱ्यांचा त्याच्यावर भरवसा बसलाय. काशीच्या वडलांनी तर वर्तमानपत्रातली जाहिरात कापून ठेवलीय, मुंबईहून टपालानं बाटली येती मनतात. मला काईच कळंना. तू हैदराबादेत ऱ्हातोस, तुझ्या कापडाच्या दुकानात शिकलेल्या लोकांची उठबस असती. कुठलं औषध घ्यावं, कुठून घ्यावं, का घेऊच ने, ते इचारून लवकर कळव.

तुझी महानंदा

●

हैदराबाद
फाल्गुन वद्य २

चि. सौ. महानंदास ईश्वरअप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दुकानात मन लागेना. आमचे एक गिऱ्हाईक डॉक्टर आहेत, बोलायला कडक पण माणूस सच्चा. त्यांना गाठलं. ते म्हणाले, हा मर्ज दिसतो डोळ्यात पण आहे पोटातला. लेकराच्या अंगातला कस गेलाय. दूध, लोणी, हिरवा पाला मिळाला तर सावकाश भरून येईल. पण डोळ्याच्या पांढऱ्यावर कोरडे डाग दिसत असतील तर सावकाश चालणार नाही, तेल पाजावं लागेल. काशीला उन्हात उभी करून बघ.

पेटीवाल्याची बाटली घेऊ नका. जाहिरातीतलीही नको. एकाच बाटलीनं म्हाताऱ्याला दिसायला लागतं, लेकराला भूक लागते आणि वांझेला पोर होतं, तर त्या बाटलीत काहीच नाही असं समजा, हे डॉक्टरांचे शब्द.

तेलाची बाटली मी इथल्या इंग्रजी औषधांच्या दुकानातून घेऊन रेल्वेनं पाठवली आहे. बाटलीवरचा कागद निघाला आहे, त्याचं मनावर घेऊ नको. सकाळ-संध्याकाळ एक चमचा. कसलं तेल म्हणशील तर विलायतेकडं थंड मुलखात एक झाड असतं, त्याच्या बियांचं. वास उग्र आहे. वर गुळाचा खडा दे. भुजंगअप्पांना व वडीलधाऱ्यांना शरणार्थ.

ईश्वरअप्पा

●

चुडावा
चैत्र शुद्ध १२, शके १८६५

अण्णा, तुझ्या तोंडात साखर पडो.

तू मनलास तसं उन्हात बघितलं. बुबुळाच्या शेजारी साबणाच्या फेसागत डाग व्हते. मी घाबरून गेले. दुसऱ्या दिवशीच बाटली आली. वास असा की घरभर पसरला, पर काशीनं गुळाच्या लालचीनं घेतलं. अन् काल सांजंला मी गोठ्यात व्हते, तर ती दारातून मनली, "माय, रेडकाच्या कपाळावर पांढरं हाय." मी शेणाच्या हातानंच तिला उचललं. दिवा लावायचा ऱ्हायला, सगळे तिच्याभोवती. एकेक जण म्होरं उभं ऱ्हाऊन इचारायला, मी कोण, मी कोण. तिनं समद्यांला वळखलं.

आता घरात त्या बाटलीचा मान लय वाढलाय. सासूबाईंनी ती देवाच्या कोनाड्यात ठेवलीय. लिंगपूजा झाली की पयला चमचा त्याच पाजतात, अन् चमच्याला ऱ्हायलेलं वाया जाऊ ने म्हणून आपण चाटतात. मनतात, माझ्याबी गुडघ्याला हलकं वाटायलंय. शेजारच्या दगडाबाईच्या लेकीलाबी मी दोन दिस दिलं. येईल त्याला मी बाटली दाखवायले.

सासऱ्यांनी लिवायला सांगितलंय, त्या झाडाच्या चार बिया मिळतील का? मळ्यात लावून बघतो मनतात. दुसरी बाटलीबी पाठव. ही सरत आलीय.

महानंदा

●

हैदराबाद
चैत्र वद्य ५

चि. महानंदास आशीर्वाद.

काशीनं रेडकाचं कपाळ ओळखलं हे वाचून मी पत्र पुन्हा वाचलं आणि दुकानातल्या लोकांनाही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डाग पुसले जाईपर्यंत आणि नंतरही पाऊस पडून भाजी येईपर्यंत बंद करू नका. मध्ये थांबलं आणि एखादा ताप आला तर धोका आहे.

पण एक सांगतो. सासूबाईंना म्हणावं, ते लेकरांचं औषध आहे, मोठ्यांनी घेऊ नये. आणि दर एकाला दाखवू नकोस. लढाईमुळं माल येत नाही, लोक मागायला लागले तर कुठून आणशील? बियांचं म्हणशील तर ते झाड आपल्या हवेत येत नाही.

दुसरी बाटली त्या दुकानात मिळाली नाही. चार ठिकाणी फिरून एका म्हाताऱ्या कंपौंडरकडून मिळाली, दुसऱ्या कारखान्याची आहे, त्यानंच परस्पर रेल्वेनं पाठवली. गुण तोच. येत्या आठवड्यात पोचेल.

ईश्वरअप्पा

●

चुडावा
वैशाख शुद्ध ११

ईश्वरअप्पांस भुजंगअप्पाचे शरणार्थ.

तुमची दुसरी बाटली मिळाली. आमच्या वडलांनी ती किती भरली हाय ते बघायला उजेडात धरली. बुडाला काचंतच मासा उठवलेला हाय. बाटलीभवती इंग्रजी कागद व्हता तो मी टेशनमास्तर माणिकरावांकडून वाचून घेतला. मासळीच्या कलेजीचं तेल, असं त्यांनी वाचलं. मी पुन्हा वाचा मनलं. त्यांनी पुन्हा तेच वाचलं.

आईनं अन्न सोडलंय. गळ्यातल्या लिंगाला हात लावंना, नुसती रडायली. देवाच्या कोनाड्यात ठेवून, पूजेच्या हातानं चमचा भरून, सोता चाटत व्हती ती. दगडाबाईनं गावभर केलं. दुकानात माणसं सामानाला येतात अन् हासतात. वडलांनी बाटली उकिरड्यावर फोडली.

तुमी आमच्याच घरचे. आमी काय खातो, काय खात न्हाई, हे तुमाला सांगायचं व्हतं का? झाडाच्या बिया लिवताना हात कसा उचलला? महानंदा मनती तिला ठाव नव्हतं. आई तिच्या हातचं पाणी घेईना.

काशीची काळजी तुमी करू नका. नेत्रामृत आणलंय. शुद्ध वनस्पती असं वर लिवलेलं हाय अन् लेकरू आवडीनं घेतंय. आता कागद पाठवायची गरज न्हाई.

भुजंगअप्पा

●

हैदराबाद
वैशाख वद्य ३

भुजंगअप्पांस शरणार्थ.

तुम्ही लिहिलं ते सगळं मला कबूल आहे. मी खोटं लिहिलं. आईंच्या पायावर डोकं ठेवायला मी येईन, गावापुढं उभा राहीन, शिक्षा द्याल ती घेईन. महानंदाला खरंच काही ठाऊक नव्हतं. तिच्यावर राग धरू नका.

पण काशीचं थांबवू नका. तेल नको तर नको. मग दुभती म्हैस विकत घ्या, नाहीतर कुणाकडून दूध लावा, पण लोणी तिच्या पोटात जाऊ द्या. शेवग्याचा पाला उन्हाळ्यातही असतो, तो रोज शिजवून खाऊ घाला. गाजर मिळालं तर गाजर. यात कुणाच्या धर्माला बाध नाही.

नेत्रामृताची एक बाटली मी इथं मिळवून डॉक्टरांना दाखवली. त्यांनी जिभेवर थेंब घेतला आणि म्हणाले, साखरेचं पाणी आणि रंग. लेकरू आवडीनं घेणारच. तुम्हाला वाटेल मी पुन्हा खोटं लिहितो आहे. तसं वाटलं तर परभणीच्या डॉक्टरला दाखवा, पण दाखवा.

ईश्वरअप्पा

●

हैदराबाद
ज्येष्ठ वद्य ६

चि. महानंदास आशीर्वाद.

भुजंगअप्पांना दोन पत्रं घातली, उत्तर नाही. हे तुझ्या नावानं घालतो आहे, तुझ्या हाती पडेल की नाही माहीत नाही. काशी सांजेला बघते का, एवढंच लिही. एका ओळीत लिही.

ईश्वरअप्पा

●

चुडावा
आषाढ वद्य ८

अण्णा,

तुझं ज्येष्ठातलं पत्र मला काल मिळालं. काशीच्या वडलांनी सोता आणून दिलं. त्याच्या आधीचं पत्रबी त्यासंगं दिलं, दोन्ही त्यांच्याकडंच पडली व्हती.

काशी बघत न्हाई. सांजंला न्हाई, दिवसाबी न्हाई.

सगळं सांगते. बाटली फोडली तवा मी उकिरड्यावर गेले व्हते. बुडाच्या काचंत थोडं ऱ्हायलं असंल असं वाटलं. राखंत सगळं जिरलं व्हतं. मग नेत्रामृत सुरू झालं. लाल, गोड. काशी सोता मागून घ्यायची, मनायची हे चांगलं औषध हाय, ते घाण व्हतं. तुझं शेवग्याचं पत्र आलं ते मला कुणी सांगितलंच न्हाई. शेवगा दगडाबाईच्या परसात हाय, अण्णा. आमच्या भिताडाच्या पलीकडं. फांदी आमच्या अंगणात आलेली.

पंधरवड्यात ती पुन्हा उंबऱ्यावर बसायला लागली. मी मनलं, तर सासरे मनले, अर्क हळू लागू व्हतो. मग ज्येष्ठात गावात गोवर आला. घरोघर लेकरं पडली अन् उठलीबी. काशी तापानं फणफणली. पुरळ मावळला पर डोळे उघडंना. उजेड सोसंना म्हणून मी लुगड्याचा पदर टाकून ठेवायचे. देवीचा कोप हाय, डोळ्याला काई लावू ने, असं सासूबाई मनल्या. आठ दिसांनी मी जोरानं पापणी उघडली. उजव्या डोळ्याचं बुबुळ पांढरं झालं व्हतं, शिजलेल्या साबुदाण्यागत. मी वरडले.

मग काशीच्या वडलांनी गाडी जुपली. टेशनावरून परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरानं इचारलं, काय देत व्हतात? मी बाटली दाखवली. त्यानं झाकण काढून हुंगलं अन् खाली ठेवली. मनला, "हे शरबत हाय. ह्याच्या आधी काई दिलं व्हतं?" मी मनले, मासळीचं तेल देत व्हतो, दिसायला लागलं व्हतं, मग थांबवलं. त्यानं इचारलं, कामून थांबवलं? काशीचे वडील तवा उठून बाहीर गेले.

परवा सासरे मठात गेले व्हते, शुद्धीसाठी काय करावं ते इचारायला. मठातल्या अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मनले, "मांदगीत लेकराला औषध दिलं, त्यात कसला इटाळ? मला इचारायला त्याच दिवशी कामून आला न्हाईत?" तवापासून सासरे भिताडाकडं तोंड करून बसतात. काशी त्यांच्या मांडीवर जायला बघती, तर ते उठून जातात.

आता तुझं. माझा राग मासळीचा न्हाई. तू मला खरं सांगितलं असतंस तर मी न्हाई मनले असते असं वाटलं ना तुला? मी दिलं असतं, अण्णा. माझ्या पाप-पुण्याचं मी बघितलं असतं. धान्याच्या कणगीत बाटली लपवली असती, कुणाला वासबी लागू दिला नसता, वरचा कागद जाळला असता. मला ठावच नव्हतं की हे लपवायचं हाय. म्हणून मी ती कोनाड्यात ठेवू दिली अन् येईल त्याला दाखवत बसले. तुला मी फक्त चमचा धरणारा हात वाटले.

महानंदा

●

हैदराबाद
आषाढ वद्य १३

महानंदा,

तू लिहिलंस ते खरं आहे. मला वाटलं तू घाबरशील, भुजंगअप्पांना विचारशील आणि ते नको म्हणतील. बहिणीला काय कळेल यापुढं मी विचारच केला नाही.

काशीला घेऊन इकडं निघा. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडं शब्द टाकला आहे. भुजंगअप्पा येत नसतील तर मी न्यायला येतो. टेशनाबाहेर येणार नाही, गाडीतूनच तुम्हाला घेईन.

ईश्वरअप्पा

●

चुडावा
भाद्रपद वद्य ४

अण्णाला शरणार्थ.

हैदराबादेहून आमी सुखरूप पोचलो. काशीचे वडील टेशनावर आले व्हते, त्यांनी काशीला खांद्यावर घेतलं ते घरापातूर उतरवलं न्हाई. काशी आता भिताडाला हात लावून फिरती. चुलीजवळ मी तिला येऊ देत न्हाई. सासूबाई माझ्या हातचं घ्यायला लागल्या, बोलत न्हाईत.

परवा बाजाराच्या दिवशी मी काशीला हाताला धरून टेशनावर गेले. ह्या गावात आल्यापासून मी एकटी कधी बाजारात गेले नव्हते. पेटीवाल्याभवती बायका व्हत्या, कडंवर लेकरं. त्यो बाटली हालवून दाखवत व्हता. मी जाऊन त्याच्या पेटीशेजारी उभी ऱ्हायले. मनले, "बायांनो, माझ्या काशीनं हेच घेतलंय. बघा तिच्याकडं." काशीनं आवाजाकडं तोंड वर केलं. दोघीचौघी पदर तोंडाला लावून मागं सरल्या. त्यो मला मनला, "बाई, मी कुणाला जोर केला का? गोवरानं गेले असतील डोळे, माझ्या औषधानं काय झालं ते सांगा." अण्णा, त्याच्या औषधानं काईच झालं न्हाई, हेच तर व्हतं. तेवढ्यात नांदेडकडची गाडी आली, त्यो पेटी घेऊन चढला. पुढच्या टेशनाला उतरला असंल.

मन्मथला दात आलेत. त्याला काय द्यायचं ते कळव. सासरे मनले, ईश्वरअप्पाला इचार, काय लिवील ते आणू.

अन् एक. हैदराबादेत मोठ्या डॉक्टरानं तपासलं, मग तुला एकट्याला आत बोलावलं. तू बाहीर आलास, त्याच्या पाठोपाठ डॉक्टर आला अन् मला मनला, थंडीत परत आणा, बघू. मी सगळ्यांला तेच सांगितलंय. काशी रोज तेच बोलती. पर गाडी सुटताना तुझं तोंड बघितलं अन् मला वाटंनं झोप लागली न्हाई. आत काय मनला डॉक्टर? जसं मनला तसं लिव. मला काय सोसंल अन् काय न्हाई, ते तू ठरवू नको.

महानंदा

●

हैदराबाद
भाद्रपद वद्य ११

महानंदा,

काशीचे डोळे येणार नाहीत.

उजवं बुबुळ आतून फुटून बसलं आहे. डाव्यावर जाड पडदा आहे. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढं कळतं, तेही पुढं राहीलच असं नाही. मी विचारलं, मुंबईला नेलं तर? विलायतेत? डॉक्टर म्हणाले, कुठंही नाही. कुणी थेंब देईल, अंजन देईल, शस्त्रक्रिया करतो म्हणेल, तर घेऊ नका.

थंडीत परत आणा, हे मी त्यांना म्हणायला लावलं. ते तयार नव्हते. म्हणाले, तुमच्या बहिणीला मी खरं सांगतो. मी हात जोडले. तुझं आषाढातलं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं, तरी मी हात जोडले.

मन्मथचं विचारलंस. तो अंगावर पितो आहे तोवर आधी तू खा. पाऊस झाला आहे, शेवग्याचा पाला, चाकवत, मेथी, मिळेल ते रोज. म्हैस व्यायली की लोणी. त्यालाही भाजीचं पाणी आणि लोणी चाटवायला सुरुवात कर. हे मिळत असेल तर तेलाची काही गरज नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ज्याच्या ताटात हे नाही आणि वाट पाहायला वेळ नाही, त्याच्यासाठी ते तेल. तशी वेळ आली तर मागव. ते मासळीच्या कलेजीचंच असतं, दुसऱ्या कशाचं नसतं. तसं लिहूनच पाठवीन.

गाडी सुटताना काशीनं खिडकीतून माझं बोट धरलं होतं. विचारत होती, "मामा, थंडी कवा येती?" मी म्हटलं, येईल आता लवकरच. ती दिवस मोजत असेल. तिला तू सांग. मला जमणार नाही.

ईश्वरअप्पा